शेवटावरून फिरवलेला हात

नाशकात कुणी भेटलं आणि "सध्या काय लिहिताय?" असं विचारलं की मला तिथून पळ काढावासा वाटतो. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. त्याला स्वतःच्या चारोळ्या ऐकवायच्या असतात आणि त्यासाठी आधी माझी चौकशी करणं भाग असतं. हल्ली मी सरळ सांगते, "मेथी निवडतेय." मग तोही सुटतो आणि मीही.

लिहिणं मला अजून आवडतं. लिहिणाऱ्यांची मात्र शिसारी आलीय. त्यांच्या शाली, त्यांचे नारळ, व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर चाललेलं ते 'अप्रतिम ताई' आणि 'व्वा सर', त्यातल्या एकानेही काही वाचलेलं नसतं. माझी एकुलती एक कादंबरी बाहेर आली त्याला फार दिवस झालेले नाहीत. लोक अभिनंदन करतात. मी तिच्या प्रती खोक्यासकट पलंगाखाली ढकलून दिल्यात, वर जुनी चादर टाकलीय. स्वतःच्या पुस्तकाचं तोंड बघवत नाही अशी वेळ माझ्यावर का आली, ते एकदा सांगूनच टाकते.

मी मूळची निफाड तालुक्यातली. आप्पा, म्हणजे माझे वडील, द्राक्षबागायतदार. दारूला शिवायचे नाहीत, कुणावर हात उगारायचे नाहीत, गावात सगळे म्हणायचे, देवमाणूस. या देवमाणसाने माझ्या आईशी बोलणं टाकलं होतं. पहिली मुलगी झाली, म्हणजे मी झाले, तेव्हापासून. एका घरात राहायचं, तिच्या हातचं दोन वेळा गिळायचं आणि तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. मी बोलायला शिकले तशी त्यांची मोठीच सोय झाली. ओसरीवर बसून म्हणायचे, "सांग तिला, कालवणात मीठ नाय अन् डोक्यात अक्कल नाय." मी निरोप घेऊन आत जायचे. ओसरीपासून चुलीपर्यंत जाईस्तोवर वाक्य बदललेलं असायचं. "आप्पा म्हणतायत, कालवण झकास झालंय, फक्त चिमूटभर मीठ दे." आई मीठ द्यायची. बाहेर येताना मी आईचं उत्तर जुळवायचे, जे तिने दिलेलंच नसायचं.

कार्यक्रमांत विचारतात ना, तुम्ही लेखनाकडे कशा वळलात? तिथे मी वाचनाची आवड, शाळेतल्या बाई, असलं काहीबाही सांगते. खरं कारण हे आहे. माणसाच्या तोंडातली घाण धुऊन पुढे पोचवायची, हे काम मला कळायला लागायच्या आधीपासून करावं लागलं.

मधे फक्त मातीची भिंत होती. आईला बाहेरचं सगळं पहिल्यापासून ऐकू येत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एक दिवस मी असंच काहीतरी गोड निरोप सांगत होते, तर तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला लय त्रास होतो बाई." बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात दोन लुगडी, माझं दप्तर आणि मला घेऊन ती मनमाडला निघून आली. ना भांडण, ना पंचायत. मी तेव्हा पहिलीत होते.

मनमाडला तिच्या मावसबहिणीचा नवरा रेल्वेत होता. त्याच्या ओळखीने तिला रनिंग रूममध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. गाड्यांचे ड्रायव्हर आणि गार्ड ड्युटी संपली की जिथे येऊन जेवतात, झोपतात आणि पुढच्या गाडीवर निघून जातात, ती रनिंग रूम. कुणी भुसावळचा, कुणी दौंडचा, एखादा पार इटारसीचा. शाळा सुटली की मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचे. ही माणसं जेवताना काय एकेक सांगायची! रुळावर येऊन बसलेली म्हातारी, मालगाडीत सापडलेलं बकरू, सासरी जायला नको म्हणून स्टेशनात लपलेली नवरी. आणि गोष्ट ऐन रंगात आली की बोलावणं यायचं. माणूस ताट सरकवून उठायचा, टोपी घालायचा, चालला. पुढे काय झालं ते त्याच्याबरोबर गेलं भुसावळला.

मग आई कणीक मळत मला म्हणायची, "सांग आता तूच, पुढं काय झालं असंल." मी सांगायचे. नाही पटलं तर पिठाचा हात हलवायची. "छ्या! माणूस एवढं चांगलं नस्तं. दुसरं सांग." चौथी शिकलेली बाई. पण मला आजवर लाभलेली खरी समीक्षक तीच, बाकीचे सगळे चहा-बिस्किटाला आलेले.

पुढे शिकले, विम्याच्या कचेरीत लागले, मनमाड ते नाशिक रोड अशी कैक वर्षं ये-जा केली, मग नाशकात घर घेऊन आईला आणलं. लग्न केलं नाही. त्याची चौकशी बाकी सगळे करतात, तुम्ही करू नका. कथा लिहायचे, दिवाळी अंकांना पाठवायचे. दिवाळी अंकवाल्यांची एक तऱ्हा असते. "ताई, एकदम खुसखुशीत द्या, नाहीतर मग हृदय पिळवटणारं द्या." मधलं चालत नाही. अरे, पण जगता तुम्ही सगळे मधलंच की! सकाळी दूध नासतं, दुपारी साहेब बोलतो, संध्याकाळी मेथी स्वस्त मिळते. ते कोण लिहिणार? माझ्या बऱ्याच कथा 'साभार परत' आल्या.

मला काय हवं होतं? पुरस्कार नको होता असलं ढोंग मी करणार नाही. हवा होता. पण त्याच्याआधी एक हौस होती. आईवर कादंबरी लिहायची आणि ती आईने ऐकायची. तिचे डोळे आता गेल्यातच जमा आहेत, मोठं अक्षरही दिसत नाही. घरी बसून कागद वाचून दाखवता आले असते, पण ते मला नको होतं. मला छापलेलं पुस्तक हवं होतं, सभागृह हवं होतं, त्यात शिकलीसवरलेली माणसं हवी होती. जिच्याशी सख्ख्या नवऱ्याने एक शब्द बोलायचा नाही म्हणून नेम केला, त्या बाईबद्दल एवढे लोक मुकाट बसून ऐकताहेत, हे तिला स्वतःच्या कानाने कळायला हवं होतं. यासाठीच सगळा आटापिटा.

ती विचारायची, "काय लिहितीस गं माझ्यावर?"

"पुस्तक झालं की ऐक ना."

"चांगलं लिही म्हणत नाय मी. खरं लिही."

शेवट मला पहिल्या दिवसापासून माहीत होता, कारण तो घडला होता. मी सातवीत असताना आप्पा मनमाडला आले. फलाटावर उभे राहिले आणि आईला म्हणाले, "चल घरी." इतक्या वर्षांत तिच्याशी बोललेले पहिले शब्द! आईने त्यांना बाकावर बसवलं. आतून पोळीभाजी आणली, वाढली, पाण्याचा तांब्या दिला. ते जेवले. नाशिककडे जाणारी पासिंजर लागली तशी त्यांना डब्यात बसवलं आणि खिडकीशी म्हणाली, "सांभाळून जा." गाडी हलली. आई पदराला हात पुसत आत आली आणि तिने कणकेत पाणी घातलं. मी हे सगळं फलाटावर उभी राहून बघत होते आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. ती हो म्हणते की काय या भीतीने माझा जीव गोळा झाला होता, आणि ती गेली नाही तेव्हा एवढा आनंद झाला की रडू फुटेल म्हणून दात आवळून उभी राहिले. माझी कादंबरी तिथे संपत होती. बाई कणकेत पाणी घालते. संपलं.

आता सर.

झालं असं, की मेन रोडजवळच्या एका बोळात एक प्रकाशक आहेत, त्यांच्याकडे मी हस्तलिखित घेऊन गेले. त्यांनी ते उघडलं नाही, हातावर तोललं. म्हणाले, "ताई, सरांची प्रस्तावना आणा. सरांचं नाव असलं की ग्रंथालयं डोळे झाकून घेतात." आमच्याकडे रीतच आहे ती. पहिलं पुस्तक म्हणजे लग्नाची मुलगी, कुणातरी वडीलधाऱ्याने 'पोरगी चांगली आहे' म्हटल्याशिवाय उजवत नाही. आणि सर म्हणजे नाशकातल्या कुठल्याही व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसणारे गृहस्थ. मराठीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यानंतर कशातूनच निवृत्त न झालेले.

गंगापूर रोडला त्यांचा बंगला. दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात स्मृतिचिन्हं दाटीवाटीने कोंबलेली, खालच्या कप्प्यात शालींची चळत, खोलीभर डांबरगोळ्यांचा वास. पहिल्या भेटीत विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"मूळची निफाडकडची."

"अरे वा! मग रिकाम्या हाताने कशा आलात? द्राक्षं कुठायत?"

निफाडच्या द्राक्षांशी माझा संबंध तुटून चाळीस वर्षं होत आली होती. पण गरज माझी. पुढच्या खेपेला रस्त्यावरच्या हातगाडीवरून द्राक्षं घेतली आणि नेऊन ठेवली. सरांनी एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "घरच्या बागेची चव लपत नाही हो." गाढवाला गुळाची चव काय! तिथेच उठून यायला हवं होतं. नाही आले. "खरंय सर," म्हणाले.

सरांना पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय. जुन्या माणसांना असते, मान्य. पण सर त्याच बोटाने आधी कान कोरायचे, ते निरखून बघायचे, मग जिभेवर चांगलं ओलं करून माझ्या पानावर ठेवायचे. दर महिन्याला जायचे आणि गठ्ठ्याकडे बघायचे. सुरुवातीच्या पानांचे कोपरे मऊ, पिवळट झालेले. मधला अख्खा गठ्ठा कोरा करकरीत. आणि शेवटच्या प्रकरणाचे कोपरे पुन्हा खराब. म्हणजे सरांनी आरंभ चाटला आणि अंत चाटला. मधे ती बाई कुठून कुठे आली, काय सोसलं, कशाला हसली, याच्याशी देणंघेणं नाही. किळस कशाची आली सांगू? थुंकीची थोडी. त्या कोऱ्या राहिलेल्या पानांची फार.

तरीही सर बोलायचे मात्र भरभरून. "पात्र छान उभं केलंयत. पण या बाईचं दुःख कुठाय?"

"सर, ती सुखात आहे."

"अहो, सुखात आहे तर कादंबरी कशाला लिहिली?"

मी म्हटलं, सुखात आहे म्हणूनच लिहिली. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या गालिच्यावर चिखलाचे पाय ठेवले होते. मग हसले. "शेवट जरा कोरडा आहे. असू दे, मी हात फिरवतो."

हात फिरवतो! आमच्याकडे हे रोजच्या वापरातलं आहे. नवख्याच्या लिखाणावरून थोरामोठ्यांनी हात फिरवायचा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, एखादं वाक्य सरळ करायचं. नवख्याने कृतार्थ व्हायचं. मीही झाले. वेलांटी-उकाराच्या पलीकडे काही असेल असं मनातही आलं नाही.

त्या काळात सरांची ने-आण माझ्याकडे लागली. देवळाली कॅम्पला एका वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं, 'आजच्या स्त्रीचा स्वतंत्र आवाज.' गाडी माझी, चालवणारी मी. जाताना पूर्ण रस्ताभर ते बोलले आणि मी एकदा तोंड उघडलं तर म्हणाले, "समोर बघा, समोर." तिथे स्त्रीच्या आवाजावर असे बोलले की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. परतताना मागच्या सीटवर आडवे होऊन घोरत होते आणि त्यांच्या मांडीवर ताजी शाल होती.

अखेर प्रस्तावना आली. त्यात सरांचं बालपण, सरांचे गुरू, सरांचा जीवनविषयक दृष्टिकोन आणि सगळ्यात खाली माझ्याबद्दल दोन ओळी. गिळलं. पहिली प्रूफं मी तपासली, डोळ्यांत तेल घालून तपासली. प्रकाशक म्हणाले, "शेवटचं प्रूफ सर बघतायत, तुम्ही आता निवांत राहा. सोहळ्याची तयारी करा." राहिले निवांत. पुस्तकं छापखान्यातून थेट सभागृहात येणार होती. तीही पद्धतच, लेखकाने स्वतःचं पुस्तक पहिल्यांदा बघायचं ते व्यासपीठावर, चकचकीत कागद फाडून.

रविवारी सकाळचा कार्यक्रम. सिंहस्थाच्या नावाखाली रस्ते उकरून ठेवलेले, त्यामुळे रिक्षा कुठून कुठून फिरवत आणली. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती, अंबाडा मला दोनदा घालायला लावला. पहिल्या रांगेत बसायला लाजत होती. "मागं बसते ना. पुढं मोठी लोकं बसतेत." मी हाताला धरून बसवली. म्हटलं, आज मोठी तूच.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. मग तो चकचकीत कागद फाडला, सगळ्यांनी छातीशी पुस्तकं धरून फोटो काढून घेतले. सरांनी पुस्तक उलटं धरलं होतं. फोटोवाल्याने सांगितलं तेव्हा सुलटं केलं. मग सूत्रसंचालकाने जाहीर केलं, "आता कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाचं अभिवाचन. निवड खुद्द सरांची." हौशी नाटकात काम करणाऱ्या एक बाई माइकपाशी आल्या. आवाज गोड होता त्यांचा, त्याबद्दल तक्रार नाही.

सुरुवात माझीच होती. फलाट, दुपारचं ऊन, बाकावर बसलेला नवरा. 'चल घरी.' मी व्यासपीठावरून आईकडे बघत होते. तिने कानामागे हात धरला होता, पुढे झुकली होती. चेहरा असा उजळला होता की काय सांगू! पोळीभाजी आली, तांब्या आला. ती हळूच मान हलवत होती, हो, असंच झालं होतं, असंच. सभागृहात कुणी खोकत नव्हतं. मला वाटलं, झालं, जिंकलं आपण.

आणि मग त्या बाई पुढे वाचायला लागल्या. 'त्या क्षणी तिच्या अंतरीचा अभिमान वितळून गेला. नेत्रांतून जणू गोदामाईच वाहू लागली. ती धावत सुटली आणि पतीच्या चरणांवर कोसळली. नाथा, चुकले मी! उंबरठा ओलांडून मी माझेच आकाश हरवून बसले. लेकीचा हात त्याच्या हाती देत ती म्हणाली, घे, तुझी लेक रोज रात्री तुझ्यासाठी झुरते.' आणि दोघी गाडीत बसून त्याच्याबरोबर निघून गेल्या. समाप्त.

नाथा! रनिंग रूममध्ये पोळ्या लाटणारी माझी आई नवऱ्याला नाथा म्हणाली. टेबलावरचं पुस्तक उघडलं, शेवटचं पान काढलं. छापलेलं होतं. काळ्यावर पांढरं नव्हे, पांढऱ्यावर काळं, माझ्या नावाच्या पुस्तकात. खाली बघितलं तर बायका पदराने डोळे टिपत होत्या, एक गृहस्थ चष्मा काढून रडत होते. आईने कानामागचा हात खाली घेतला होता आणि ती मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती.

माझं मनोगत होतं. उठले, माइक घट्ट धरला आणि म्हणाले, "हा शेवट मी लिहिलेला नाही. हा सरांनी लिहिलाय."

टाळ्या! देवाशपथ सांगते, टाळ्यांचा पाऊस. सरांनी बसल्या जागी हात जोडले. मी ओरडून म्हणाले, "अहो, मी आभार मानत नाहीये! त्यांनी माझं प्रकरण बदललं, मला न विचारता बदललं!" तर पहिल्या रांगेतला कुणीतरी "वा, वा" म्हणाला. गुरूचं ऋण मानायची आमच्याकडे इतकी सवय आहे की तक्रारसुद्धा ऋणनिर्देशात जमा झाली. मी पुन्हा तोंड उघडलं तेवढ्यात सूत्रसंचालकाने अलगद माइक काढून घेतला. "लेखिका भावुक झाल्यात, आपण समजू शकतो. अल्पोपाहाराची व्यवस्था मागच्या बाजूला आहे." बटाटेवड्यांचा वास आधीच आत आला होता. खुर्च्या सरकल्या.

वड्यांच्या टेबलापाशी मी सरांना गाठलं. त्यांच्या मिशीला हिरवी चटणी लागली होती.

"सर, माझा शेवट कुठे गेला?"

"अहो, तो शेवट कुठे होता? नुसती बाई पीठ मळते! मी थोडा हात फिरवला. बघितलंत ना, लोक ढसाढसा रडले."

"ती माझी आई आहे सर. ती परत गेलीच नाही कधी."

"तेच तर! जे आयुष्यात होत नाही ते साहित्याने द्यायचं असतं." आणि मग तो माणूस तेलकट हाताने माझ्या आईचा खांदा थोपटून म्हणाला, "माउली, लेकीने अमर केलं तुम्हाला." आईने त्यांना वाकून नमस्कार केला. मला तिथेच भडभडून ओकारी आली. बेसिनपर्यंत पोचले, एवढंच नशीब.

प्रकाशकांना म्हटलं, सगळ्या प्रती परत घ्या. ते म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत बघू." पहिली कधी संपणार, तर म्हणे ते वाचकांच्या हातात. नंतर एका वर्तमानपत्रात छापून आलं की कादंबरीत भारतीय स्त्रीच्या क्षमाशीलतेचं मनोज्ञ दर्शन घडतं. एका गावाहून पुरस्काराचा फोन आला. मला जो हवा होता तो पुरस्कार, तोच! नको म्हणून सांगितलं, तर पलीकडची बाई म्हणाली, "किती साध्या हो तुम्ही!"

हे सगळं मी सहन केलं असतं. जनाची लाज मी फार पूर्वीच सोडलीय. पण आई बोलेना. रिक्षात गप्प, घरी आल्यावर गप्प. जेवायला वाढलं की जेवायची, विचारलं की "बरं" म्हणायची. मी तिला दिवसातून कितीदा सांगितलं असेल, ते माझं नाही गं, त्या मेल्याने घुसडलंय. "बरं," म्हणायची. एके दुपारी मला राहवेना. लॅपटॉप घेतला, तिच्या पलंगावर बसले आणि माझं मूळ प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. फलाट, बाक, पोळीभाजी, 'सांभाळून जा', कणीक.

आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "छान हाय. आत्ता लिहिलंस व्हय?"

"नाही आई! हेच आधीचं. हेच माझं."

"मला वाईट वाटलं म्हणून लिहिलंस. कळतं मला." तिने चाचपडत माझा हात शोधला. "पुस्तकावर नाव कुणाचंय?"

"माझं. पण ते..."

"अन् एवढी शिकलेली माणसं रडली. खोट्याला कोण रडतं?"

मी शपथा घेतल्या. आईची शपथ, तिच्यासमोर तिचीच शपथ. रागाने लॅपटॉप आपटला. ती माझा हात सोडेना. तिला ना सरांचा राग होता, ना कुणाचा. तीच मला समजवायला लागली, हलक्या आवाजात, जणू गुन्हा तिचाच होता.

"त्या दिवशी फलाटावर तू दात आवळून उभी होतीस. मी बघितलं होतं. मला तवाच वाटलं, पोरीला बापाकडं जायचंय. पण मी भ्याले, तुला इचारलं नाय. म्हटलं, हो म्हणाली तर? बोलायचं होतंस बाई तवाच. मी गेले असते, तुझ्यासाठी."